बहादूरखानाची येणे बाकी

पेडगावचा माणूस परगावी गेला आणि त्याने गावाचं नाव सांगितलं, की समोरचा आधी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग अंगावर पांघरूण दिसतं का ते बघतो. वेड पांघरून जायचं ते हेच गाव, अशी लोकांची पक्की समजूत. सांगून सांगून आम्ही थकलो की बाबांनो, ते पेडगाव वेगळं. ते तिकडं अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथं बहादूरगड आहे. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. आमच्याकडे किल्ला नाही, रेल्वे स्टेशन आहे. मानवत रोड आणि परभणीच्या मधे, एकेरी रुळावर. क्रॉसिंगला गाडी थांबली की आतले प्रवासी खिडकीतून पाटी वाचतात आणि एकमेकांना कोपर मारून हसतात.

त्या दुसऱ्या पेडगावची गोष्ट मात्र झकास आहे. मुघलांचा सुभेदार बहादूरखान कोकलताश तिथं छावणी टाकून बसला होता. मराठ्यांची एक लहान तुकडी हल्ला करायला आल्यासारखी आली, खान सगळी फौज घेऊन तिच्यामागे धावला, ती पळत सुटली आणि पळतच राहिली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने मोठी तुकडी येऊन मोकळी छावणी लुटून गेली. एक कोटीचा खजिना आणि दोनशे उमदे घोडे गेले असं सांगतात. खान दमून परत आला तेव्हा छावणीत राखायला काही उरलंच नव्हतं.

बदनामी आमच्या वाट्याला आणि खजिना त्यांच्या, हे मला लहानपणापासून खुपत होतं. त्याचा वचपा मी एक्सेलमध्ये काढायचं ठरवलं.

मी चुलतभावाच्या, म्हणजे दादांच्या, कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून माझ्या डोक्यामागे लावलेलं आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं की युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते ती माझ्या शिक्षणामुळे. पाडवा झाला की मृग लागेपर्यंत खताच्या दुकानात माशासुद्धा उधारीवर येतात. अशाच एका दुपारी वाचनात आलं की 2013 साली टोरांटोच्या कॅरी वॉल्किन नावाच्या चार्टर्ड अकाउंटंटने अख्खा खेळ एक्सेलमध्ये रचला. नाव ‘अरेना’. त्यात राक्षस, तलवारी, चिलखतं, जादूटोणा, सगळं चौकटींत बसवलेलं. तोही हिशेबनीस, मीही हिशेबनीस. त्याला मॅक्रो लिहिता येतात आणि मला येत नाहीत, एवढी किरकोळ बाब सोडली तर आम्ही सारखेच होतो.

शिवाय एक्सेलमध्ये खेळ रचायच्या या पापाला थोरामोठ्यांचा आधार होता. एक्सेल 97 मध्ये खुद्द ते बनवणाऱ्यांनीच विमान उडवायचा खेळ लपवून ठेवला होता. कोऱ्या शीटवर ठरावीक चौकटी निवडून ठरावीक बटणं दाबली, की ताळेबंद जाऊन डोंगराळ मुलूख यायचा आणि आपण त्यावरून उडायला लागायचो. त्या मुलखात एक शिळा उभी होती, तिच्यावर करणाऱ्यांची नावं सरकत राहायची. म्हणजे कामाच्या वेळेत खेळ बनवणं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे.

एक्सेलची आणखी एक सोय मला फार आवडली. लांबून बघणाऱ्याला एक्सेलपुढचा माणूस कामच करतोय असं दिसतं. मी कपाळाला आठी घालून पहारेकऱ्याची शक्ती ठरवत असायचो आणि दादा दारातून बघून वहिनींना म्हणायचे, “त्याला हाक मारू नका, जीएसटी भरायलाय.” हा देखावा टिकावा म्हणून मी खेळ वेगळ्या फाइलमध्ये न करता दुकानाच्या फाइलमध्येच केला. साठ्याच्या शीटच्या पलीकडे बहादूरगड. कुणी अचानक मागे आलं तर एका टिचकीत डीएपी खतावर.

खेळाचं नाव ‘वेड’. खेळणारा हा शिवरायांचा हेर. त्याला वेड्याचं सोंग घेऊन छावणीत शिरायचं आहे. त्याच्याकडे तीन गुण: शक्ती, युक्ती आणि वेड. वेड तिसाच्या खाली आलं तर पहारेकरी ओळखतो. सत्तरच्या वर गेलं तर हेर खरोखरच वेडा होतो आणि आपण कशाला आलो हेच विसरतो. मधल्या पट्ट्यात राहून कोडी सोडवत खजिन्यापर्यंत जायचं. ही कल्पना मला अजूनही चांगली वाटते. पुढे जे झालं त्यात तिचा दोष नाही.

नकाशा काढायला मी रकाने अरुंद करून चौकटी चौरस केल्या. अरुंद रकान्यात आकडा मावला नाही की एक्सेल त्याच्या जागी ###### असं कुंपण घालतं. माझ्या गडावर बुरुजांचे, तोफांचे, घोड्यांचे आकडे होते. एका झटक्यात सगळा गड जाळीने भरून गेला. मी रकाने रुंद करायला बसलो तेवढ्यात दादांचा मुलगा येऊन म्हणाला, “काका, तटबंदी एकच नंबर झाली.” मी हात आवरला. खेळातली तटबंदी शेवटपर्यंत तीच राहिली. ज्या दगडावर टिचकी माराल त्याखाली घोड्यांची संख्या निघायची.

गावातल्या एका जाणत्या आजोबांनी नकाशा बघून आक्षेप घेतला. “भीमा कुठून आणलीस रे? आपल्या इथं भीमा हाय का?” इतिहास त्यांचा, भूगोल आमचा, अशी तडजोड झाली. भीमेच्या जागी रूळ आले, बहादूरखानाची छावणी मालधक्क्यावर हलली आणि त्याचे दोनशे घोडे पुढची गाडी निघून जायची वाट बघत क्रॉसिंगला थांबले.

पहिला पहारेकरी उभा केला आणि खरं संकट सुरू झालं. लढाईत नशिबाचा भाग हवा म्हणून मी त्याच्या शक्तीला रँडबिटवीन लावलं होतं. हे फंक्शन दिलेल्या दोन आकड्यांमधला कुठला तरी आकडा काढतं. ते तो आकडा काढून गप्प बसत नाही, हे मला माहीत नव्हतं. फाइलमध्ये कुठंही काहीही टाइप केलं की ते नवा आकडा काढतं. मी पहारेकऱ्याला तलवार मारावी आणि तो आधीपेक्षा धडधाकट व्हावा. मी पलीकडच्या शीटवर कुणाची तरी दोन गोणी पोटॅशची पावती करावी आणि इकडे बहादूरगडाचा पहारेकरी मरून पडावा. पोटॅशने माणूस मरतो असं दुकानात बसून म्हणणं बरं नाही.

यावर उपाय सापडला. एक्सेलमध्ये गणित आपोआप करायचं की सांगितल्यावर करायचं हे ठरवता येतं. मी ‘मॅन्युअल’ केलं. आता एफ-नाइन दाबेपर्यंत पहारेकरी आहे तसा उभा राहायचा. मी त्या आनंदात चहा सांगितला.

1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क आणलं, त्याची मूळ कल्पना ब्रिकलिनला हार्वर्डच्या वर्गात सुचली होती. फळ्यावरच्या कोष्टकात एक आकडा बदलला की प्राध्यापकाला त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, एवढ्यासाठी हा सगळा संसार उभा राहिला. ती सोय मी एका पहारेकऱ्यासाठी बंद केली. बरं, ती फक्त त्याच्यापुरती बंद होत नाही. एक्सेल उघडं असेपर्यंत सगळ्या शीटना, सगळ्या फाइलींना तोच हुकूम लागू होतो आणि फाइल जतन केली की हुकूमही तिच्यासोबत जतन होतो.

मृगाच्या तोंडावर डीएपीची गाडी आली. पेरणी जवळ आली की डीएपीसाठी काय झुंबड उडते ते शेतकऱ्याला सांगायला नको. मी भराभर पावत्या केल्या. विक्रीच्या रकान्यात गोण्या चढत होत्या आणि शिल्लक रकान्यात ‘चाळीस’ हा आकडा बहादूरगडाच्या दगडासारखा स्थिर होता. खाली कोपऱ्यात ‘कॅल्क्युलेट’ असा शब्द एक्सेल मला दाखवत होतं. मला वाटलं ते स्वतःचं काहीतरी करतंय.

दुपारी शेजारच्या गावातून एका काकांचा फोन आला. मी पडद्यावर बघून सांगितलं, चाळीस आहेत, या. ते भाड्याचा टेम्पो घेऊन आले. गोदामात झाडू मारलेला होता.

“हाय म्हणलास ना रे फोनवर?”

“हायेत काका. कंप्युटरमध्ये हायेत.”

दादा शांतपणे म्हणाले, “मग कंप्युटरमधून काढून दे त्यांना.”

टेम्पोचं भाडं माझ्या नावावर पडलं. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी.

कोड्यांचा भाग मी फार मन लावून केला होता. पहिलं कोडं माझंच रचलेलं: चढताना धाप लागते, उतरताना भीती वाटते, आणि दोन्ही वेळा त्या जागच्या हलत नाहीत. उत्तर, पायऱ्या. पुतण्याने बरोबर उत्तर लिहिलं. दार उघडलं नाही. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. आम्ही दोघांनी पडद्याला नाक लावून दोन्ही ‘पायऱ्या’ बघितल्या, काडीचा फरक नव्हता. फरक आत होता. तो अर्धा ‘ऱ’ संगणकात लिहायच्या एकाहून जास्त तऱ्हा आहेत. डोळ्याला त्या एकच दिसतात आणि एक्सेलला वेगवेगळ्या. त्याच्या मोबाइलवरून आलेल्या पायऱ्या आणि माझ्या कळफलकावरच्या पायऱ्या एका जिन्यात बसत नव्हत्या. शेवटी मी कोडंच बदललं आणि उत्तर ठेवलं ‘नळ’. ज्यात चुकायला जागाच नाही.

दुसऱ्या दाराला मी कापरेकरांना बसवलं. द. रा. कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की 6174 येतं आणि मग तेच येत राहतं. 3524 घेतलं तर 3087, मग 8352, मग 6174. खजिन्याच्या दाराला यापेक्षा चांगलं कुलूप नाही. खेळणाऱ्याने संख्या टाकायची, किती फेऱ्यांत 6174 येईल ते आधी सांगायचं, चुकलं तर वेड दहाने वाढणार.

पुतण्याने 2111 टाकलं. 2111 वजा 1112, उत्तर 999. कापरेकर मास्तर इथं पुढे एक शून्य धरतात, 0999. एक्सेलला पुढचं शून्य म्हणजे रिकामटेकडा माणूस वाटतो, ते त्याला बाहेर काढतं. माझा फॉर्म्युला चौथा अंक शोधायला गेला, तो मिळाला नाही, आणि दारावर, दारामागच्या खोलीत, हेराच्या शक्तीत, युक्तीत, वेडात आणि शेवटी बहादूरखानाच्या दाढीतसुद्धा #VALUE! उमटलं. “काका, हेराला काय झालं?” मी म्हटलं, वेड सत्तरच्या वर गेलं.

दुरुस्ती केली. टेक्स्ट फंक्शनने चार शून्यांचा साचा दिला की शून्य परत येतं. मला वाटलं आता खेळ पक्का झाला. पुतण्याने तो थोड्याच वेळात सोडवला, सगळी उत्तरं बरोबर. मी कौतुकाने विचारलं, एवढं डोकं कुठून आलं? तो म्हणाला, “वर लिहिलंय की.”

वर, फॉर्म्युल्याच्या पट्टीत. दारावर टिचकी मारली की पट्टीत दिसायचं: उत्तर नळ असेल तर दार उघड. पांढऱ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांनी लिहिलं तरी पट्टीत ते काळंच दिसतं. हिशेबाची वही लिहायची ती दुसऱ्याने तपासावी म्हणून, कुठला आकडा कुठून आला ते कुणालाही कळावं म्हणून. आयुष्यभर मी तेच काम केलं आणि त्याच वहीत गुपितं ठेवायला निघालो होतो. अरेनावाल्या वॉल्किनने यावर काय केलं मला ठाऊक नाही. मी उत्तरं वेगळ्या शीटवर नेली आणि ती शीट ‘हाइड’ केली. वर मोठ्या दिमाखात शेवटचा संकेत लिहिला: जे दिसत नाही, त्यात खजिना आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दिवस होते. पुतण्याने फाइल मित्रांना पाठवली. पोरांनी संकेत वाचला. जे दिसत नाही ते दिसायला लावायचं म्हणजे शीटच्या नावावर उजवी टिचकी आणि ‘अनहाइड’. त्यात लपवलेल्या शीटची यादीच येते. माझ्या उत्तरांची शीट त्या यादीत होती. तिच्यावर आणखी एक होती, जी मी खेळाच्या कितीतरी आधी लपवली होती आणि यादीत तीही येईल हे पार विसरलो होतो. तिचं नाव ‘येणे बाकी’.

उधारी. गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या सगळ्यांची, नावानिशी, आकड्यांनिशी.

पोरांना यात वावगं काही वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने हा खेळाचा पुढचा टप्पा होता. एका रकान्यात नावं, दुसऱ्यात आकडे. नाव म्हणजे राक्षस, आकडा म्हणजे त्याची शक्ती. त्यांनी शिस्तीत क्रमवारी लावली, सगळ्यात बलाढ्य राक्षस वर. खाली एकूण बेरीज होती, तो खजिना. मग खजिना सापडल्याचा पुरावा म्हणून पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पोरांचा तो ग्रुप मोबाइल ज्यांचे होते त्या बापांच्या खिशात होता.

संध्याकाळपर्यंत दुकानात पेरणीच्या दिवसांसारखी गर्दी. मला वाटलं आता मार बसणार. पण गावाचा राग कुठल्या बाजूने येईल याचा अंदाज हिशेबनिसाला लागत नाही. एक जण आले ते आकडा चुकलाय म्हणून, नुकतीच काही रक्कम दिली होती, ती कुठं गेली? (ती एफ-नाइनमध्ये गेली होती.) दुसऱ्यांना उधारीचं काही नव्हतं, भावकीतल्या माणसापेक्षा आपलं नाव खाली लागलं याचं होतं. “त्याची तीन एकर अन् तो माझ्या वर?” एका मामांनी यादी दोनदा वाचून विचारलं की माझं नाव कसं नाही, मी काय रोखीचा माणूस हाय का? त्यांची समजूत काढायला वेळ लागला, कारण रोखीने घेणाऱ्याला पुढच्या हंगामात उधार मिळत नाही अशी त्यांची रास्त भीती होती. एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारलं, सोयरीक जमतेय, पाहुणे चौकशी करायलेत, तेवढं नाव महिनाभर पांढऱ्या अक्षरात करता येईल का? मी त्याला पट्टीबद्दल सांगितलं नाही.

दादा रात्री आले. दुकान मिटवलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “दाखव तुझा बहादूरखान.” मी सगळं दाखवलं. तटबंदी, क्रॉसिंगला थांबलेले घोडे, 6174 चं दार. ते मन लावून बघत होते. वेडाच्या पट्ट्याची कल्पना त्यांना पटली, म्हणाले, धंद्यातही असंच असतं. मग पोरांनी लावलेली क्रमवारी उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“हा राक्षस कोण?”

पहिल्या ओळीवर मी होतो.

माझ्या चार एकरांसाठी बियाणं, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, दोन हंगामांचं खत. उधार मागायला जायचं म्हणजे मला फक्त रकाना बदलायचा होता. नाही म्हणणारा कुणी समोर नसल्यामुळे आकडा वाढत गेला होता. यादी आधी गावांच्या क्रमाने होती, त्यात मी मधे कुठंतरी सभ्यपणे झाकलेला होतो. वर टेम्पोचं भाडं नुकतंच चढलं होतं.

“आणि याला मारायचं कसं?” दादांनी विचारलं.

मी म्हटलं, युक्तीने.

“पगारातून,” दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ‘मॅन्युअल’ काढून टाकलं. येणे बाकीच्या शीटला दादांच्या सांगण्यावरून कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं, नव्वद दिवस उलटले की ओळ लाल होते. माझ्या नावापुढे पुतण्याने पहारेकऱ्याची शक्तिपट्टी आणून बसवली, आणि खाली खेळातलाच फॉर्म्युला: मागची शक्ती वजा या महिन्याचा वार. दर महिन्याच्या एक तारखेला तो शाळेतून थेट दुकानात येतो, दप्तर युरियाच्या गोणीवर टाकतो आणि काकाची पट्टी किती उतरली ते बघतो. मागच्या महिन्यात ती उतरली नाही, उलट चढली होती. मी रब्बीचं हरभऱ्याचं बियाणं घेतलं होतं. त्याने दादांना जाऊन सांगितलं, “बाबा, रँडबिटवीन परत आलंय.”